पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थी शेवटपर्यंत टिकावेत म्हणून काय करावे?

प्रश्न: भूगोलाची शिक्षिका, फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. गोव्यातील पाणी आणि जमीन या विषयावरचा एक सत्राचा अभ्यासक्रम आम्ही काही काळापासून संपूर्णपणे ऑनलाइन चालवतो. विद्यार्थ्यांना एकदाही वर्गात यावे लागत नाही. खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीवरची) आणि तिच्या मानशी (बांधातील पाण्याची दारे), कुळागरांतील (सुपारी-नारळाच्या बागांतील) पाटाचे पाणी, ओपा आणि साळावली येथून होणारा पाणीपुरवठा, खाणपट्ट्यातील विहिरी असे त्यातील घटक आहेत. म्हणजे विषय कोणालाही परका वाटावा असा नाही. नाव नोंदवणाऱ्यांत पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मुले असतात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे असतात, हॉटेलांत नोकरी करणारे असतात आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या काही स्त्रियाही असतात. ज्यांना रोज महाविद्यालयात येणे शक्यच नाही त्यांच्यासाठी हा मार्ग खुला राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणूनच हा प्रश्न विचारत आहे.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या घटकापासून चर्चेच्या जागेत तीच ती नावे दिसू लागतात, आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर तर बरेच जण परततच नाहीत. जे राहतात त्यांच्यापैकीही अनेक जण व्हिडिओ नुसता सुरू करून ठेवतात आणि शेवटची प्रश्नावली भरून टाकतात. चर्चेत ‘छान माहिती मिळाली’, ‘मी वरील मताशी सहमत आहे’ यापलीकडे फारसे कोणी लिहीत नाही. थेट तासाला कॅमेरे बंद असतात, आणि मी प्रश्न विचारला की पलीकडे कोणी आहे की नाही हेही कळत नाही.

आमच्या विभागात यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे साहित्य अधिक आकर्षक करावे, म्हणजे चित्रफिती सफाईदार बनवाव्यात आणि गुणतक्ते, बिल्ले, छोटे खेळ आणावेत. दुसऱ्या मताप्रमाणे कॅमेरा आणि हजेरी सक्तीची करावी आणि चर्चेतील सहभागाला आयएसएचे (सत्रांतर्गत मूल्यमापनाचे) गुण ठेवावेत. मला दोन्ही उपायांबद्दल शंका आहे, परंतु तिसरे काय करावे हे स्पष्ट दिसत नाही. असे अभ्यासक्रम ज्यांनी शिकवले आहेत किंवा विद्यार्थी म्हणून पूर्ण केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: दूरशिक्षणातील निवृत्त समुपदेशक, म्हापसा

बाई, आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा तपशील मला हा वाटला की नावे दुसऱ्या-तिसऱ्या घटकापासून कमी होतात. तोपर्यंत विद्यार्थ्याने काहीतरी लिहून पाठवलेले असते, आणि आपण लिहिलेले कोणी वाचते की नाही हे त्याला कळून चुकलेले असते. माझे सारे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे. आपण लिहिलेले कोणीतरी वाचले आहे आणि आलेले उत्तर आपल्यालाच उद्देशून आहे असा अनुभव ज्याला पहिल्या पंधरवड्यात येतो, तो विद्यार्थी सहसा सोडून जात नाही. ज्याला तो येत नाही, त्याला उत्तमोत्तम चित्रफितीही थांबवून ठेवू शकत नाहीत.

दूरशिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार जुना आहे. पाठ टपालाने आणि प्रक्षेपणाने पोहोचत होते त्या काळात, १९८९ मध्ये, मायकेल मूर यांनी शिकण्यातील देवाणघेवाणीचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थी आणि पाठ्यसाहित्य यांच्यातील, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातील, आणि विद्यार्थ्यांची आपापसांतील. पुढे २००० मध्ये गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी ऑनलाइन वर्गाचा विचार करताना शिक्षकाच्या अस्तित्वाला स्वतंत्र स्थान दिले, आणि पुढच्या लेखनात ते तीन कामांतून जाणवते असे म्हटले: अभ्यासक्रमाची आखणी, चर्चा पुढे नेणे आणि थेट शिकवणे. आपल्या अभ्यासक्रमात मूर यांच्या पहिल्या प्रकारावर आणि या तीन कामांतील पहिल्या व शेवटच्या कामावर भरपूर मेहनत झालेली दिसते. चर्चा पुढे नेण्याचे मधले काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही, आणि विद्यार्थी गळतात ते नेमके तिथे.

प्रत्यक्षात काय करावे, याबद्दल मी आपल्याच विषयातले उदाहरण घेतो. ‘खाजन शेतीचे महत्त्व स्पष्ट करा’ असा प्रश्न चर्चेसाठी दिला तर सगळ्यांचे उत्तर एकच येणार, कारण ते टिपणांत आहे. पहिल्याने ते लिहिले की दुसऱ्याला ‘सहमत आहे’ म्हणण्यावाचून काही उरत नाही. यात विद्यार्थ्याचा आळस कमी आणि प्रश्नाची रचना अधिक कारणीभूत आहे. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात असे विचारावे की आपल्या घरी पिण्याचे पाणी कुठून येते, मे महिन्यात त्यात काय फरक पडतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणी ते कुठून येत असे, हे आठ-दहा ओळींत लिहा. याची उत्तरे गावागणिक वेगळी येतील आणि कोणालाही ती टिपणांतून उतरवता येणार नाहीत. मग प्रत्येकाला दोन दिवसांच्या आत दोन-तीन ओळींचे उत्तर जावे, आणि त्यात त्याच्याच लिहिण्यातून निघालेला एक प्रश्न असावा. दिवाडी बेटावरच्या मुलीने खाजनाच्या बांधाबद्दल लिहिले असेल तर तिला विचारावे की भरतीच्या वेळी मानशीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते ते कशामुळे, आणि दार मोडले तर पहिल्या भरतीनंतर शेताचे काय होते. ती घरी विचारील, कदाचित जाऊन पाहील, आणि पुन्हा लिहील.

आपण मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली वापरत असाल तर त्यात चर्चेचा एक प्रकार असा आहे की विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. वरच्यासारख्या प्रश्नांसाठी तो अवश्य वापरावा.

चतुर्थीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्या सुट्टीत अभ्यासक्रम थांबतो म्हणून विद्यार्थी परतत नाहीत. तेव्हा तो थांबवूच नये, फक्त हलका करावा. गोव्यातली मंडळी चतुर्थीला आपापल्या मूळ घरी जमतात, आणि आपल्या विषयासाठी याहून चांगली प्रयोगशाळा वर्षभरात मिळणार नाही. माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला) बांधलेली फळे आणि रानातल्या वस्तू कुठल्या जमिनीतून आल्या, डोंगरावरून की कुळागरातून की बाजारातून, आणि पूर्वी मिळत असलेली कोणती वस्तू आता मिळत नाही, एवढेच टिपून आणायला सांगावे. एक छायाचित्र आणि दोन मिनिटांचे बोलणे पुरे आहे. सुट्टीनंतरचा पहिला घटक याच नोंदींवरून सुरू केला तर परत येण्याला कारण राहते, कारण आपली नोंद त्यात कुठे आली हे प्रत्येकाला पाहायचे असते.

शेवटी, जो आठ-दहा दिवस दिसत नाही त्याला सर्वांसाठीची सूचना पाठवून उपयोग होत नाही. त्याला एकट्याला संदेश जावा, शक्य असल्यास फोन जावा, आणि त्यात गैरहजेरीचा उल्लेख करण्याआधी त्याने पूर्वी काय लिहिले होते त्याचा उल्लेख असावा.

उत्तर: पाठनिर्मितीत काम करणारा, डिचोली

समुपदेशकांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि चित्रफितींचे काम करणारा म्हणून त्याला पुस्ती जोडतो. चित्रफीत सफाईदार करण्यावर पैसा आणि वेळ घालवण्यापूर्वी तिची लांबी पाहावी. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्या गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी ती पाहण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांच्या पलीकडे जात नव्हता. मोठ्या खर्चाने स्टुडिओत केलेल्या चित्रणापेक्षा शिक्षकाने मेजाशी बसून, समोरच्याशी बोलल्यासारखे केलेले साधे चित्रण अधिक परिणामकारक ठरू शकते, हेही त्यांना आढळले. तेव्हा तासाभराच्या व्याख्यानाचे चाळीस मिनिटांत संपादन करण्यापेक्षा एका कल्पनेसाठी पाच-सहा मिनिटे आणि तिच्यानंतर लगेच काहीतरी करायला, ही रचना बरी.

गोव्यात आपल्याला सामग्रीचा तुटवडा राहिलेला नाही. उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘दिष्टावो’ उपक्रमातून महाविद्यालयीन शिक्षकांनी तयार केलेले पाठ यूट्यूबवर कोणालाही पाहता येतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून अभ्यासक्रम आहेत आणि त्यांच्या रचनेतच चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा असे चार भाग आहेत. सामान्य संकल्पना समजावणारा पाठ अशा ठिकाणाहून घेऊन वाचलेला वेळ विद्यार्थ्यांना उत्तरे देण्यात घालवावा, असे मी सुचवीन.

दुसरी गोष्ट रेंजची. सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील अनेक वाड्यांवर पावसाळ्यात वीज आणि नेट यांपैकी काहीतरी गेलेले असतेच, आणि करोनाच्या काळात आपली मुले रेंजसाठी डोंगर चढून जात होती हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रतिसेकंद ५०० किलोबिट दराने चालणाऱ्या साध्या चित्रफितीला तासाला सुमारे २२५ एमबी डेटा लागतो. त्याच तासाचे बोलणे ६४ किलोबिटने ध्वनिफीत म्हणून साठवले तर सुमारे २९ एमबीत होते. म्हणून प्रत्येक पाठाची ध्वनिफीत आणि छापता येईल असे टिपण सोबत असावे, आणि दोन्ही आधी उतरवून घेता यावीत. थेट तास झाला तर त्याचे चित्रण त्याच दिवशी उपलब्ध व्हावे. जो विद्यार्थी रेंज नसल्यामुळे बाहेर राहतो, त्याचा रस संपला असे आपण नोंदवतो. ते चुकीचे तर आहेच, पण त्याच्यावर अन्याय करणारेही आहे.

उत्तर: पाळीवर काम करणारा विद्यार्थी, वास्को

बाई, मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात काम करतो आणि नोकरी सांभाळून असे दोन अभ्यासक्रम घेतले. एक पूर्ण झाला, एक अर्ध्यावर सुटला. दोहोंची पातळी सारखीच होती, म्हणून त्यांच्यातील फरक सांगणे उपयोगाचे ठरेल असे वाटते.

जो पूर्ण झाला त्यातील सर प्रत्येक स्वाध्यायानंतर मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवत. त्यात माझे नाव असे आणि मी कुठे अडलो आहे ते असे. रात्रपाळीहून परतताना बसमध्ये मी तो ऐकत असे. दुसऱ्या अभ्यासक्रमात स्वाध्याय पाठवला की गुण दिसत, बाकी काही नाही. तो सोडायचा असे मी कधी ठरवले नव्हते. एक आठवडा पाळी बदलल्यामुळे राहिला, पुढच्या आठवड्यात मागचे साचलेले पाहून उघडवेना, आणि त्यानंतर विचारणारे कोणी नव्हते. बहुतेकांचे असेच होते, असे माझ्या सोबतच्यांशी बोलून मला वाटते.

मुदतीबद्दल एक विनंती आहे. मुदती शिथिल कराव्यात असे मी म्हणत नाही. मुदत नसेल तर मी कधीच बसणार नाही. परंतु सगळ्या सत्राच्या मुदती पहिल्याच दिवशी कळाव्यात, म्हणजे आम्हाला पाळ्यांचे वेळापत्रक पाहून आखणी करता येते, आणि सत्रातून दोन वेळा कारण न सांगता चार दिवसांची सवलत घेता यावी. कारण सांगण्यासाठी अर्ज लिहिण्यात जो संकोच होतो, त्यापायी कित्येक जण स्वाध्यायच सोडून देतात. सूचनांची जागाही एकच असावी. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभेच्छांच्या गर्दीत परीक्षेची लिंक हरवत असे.

कॅमेऱ्याबद्दल सांगायचे तर आमच्या घरी माझ्या तासाच्या वेळी त्याच खोलीत भाऊ झोपलेला असतो. सक्ती झाली असती तर मी तासालाच बसलो नसतो.

आता जी गोष्ट वर कोणीच लिहिली नाही ती सांगतो. माझे शिक्षण चौथीपर्यंत मराठीतून झाले, पाचवीपासून इंग्रजीतून, आणि घरी आम्ही कोंकणी बोलतो. गोव्यातल्या पुष्कळ मुलांचे असेच आहे. व्हिडिओ मला समजतो, टिपणेही समजतात. पण चर्चेत इंग्रजीतून चार वाक्ये लिहायची आणि ती साऱ्या वर्गाने वाचायची, याची भीती वाटते. वर्गात निदान बोलून झाले की ते शब्द विरून जातात. इथे आपली चूक सत्र संपेपर्यंत सर्वांसमोर राहते. म्हणून आम्ही ‘सहमत आहे’ लिहितो, कारण त्यात चूक होण्याची शक्यता नसते. आमच्याकडे सांगण्यासारखे काही नसते, असे कृपया समजू नये.

उत्तर: संख्याशास्त्राचा शिक्षक, मडगाव

वास्कोच्या या मित्राने जे लिहिले आहे ते प्रत्येक ऑनलाइन शिक्षकाने वाचावे असे आहे. म्हापशाच्या समुपदेशकांशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. वैयक्तिक उत्तराने विद्यार्थी टिकेल, पण टिकलेला विद्यार्थी शिकेलच असे नाही, आणि गुणांचा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.

जस्टिन राइख आणि होसे रुईपेरेस-वालियेन्ते यांनी २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातील आकडेवारी प्रसिद्ध केली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रमात कधी पाऊलच ठेवले नव्हते, आणि २०१७–१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. मात्र पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने आलेल्यांत त्याच वर्षी ४६ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. काहीतरी पणाला लागलेले असले की माणूस टिकतो, हे यावरून दिसते. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पणाला लागणारी गोष्ट म्हणजे श्रेयांक. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातील अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. तेथे स्वाध्याय नियमित येण्यामागे ते २५ टक्के आहेत.

तरीही चर्चेतील नोंदी मोजून गुण देऊ नयेत, याबाबत माझ्या मनात शंका नाही. आठवड्याला तीन नोंदी सक्तीच्या केल्या की तीन नोंदी येतात आणि त्या वाचण्याजोग्या नसतात. मग जे मनापासून लिहीत होते तेही त्या ढिगात दिसेनासे होतात. गुण द्यायचे ते छोट्या, वारंवार घेतलेल्या आणि पुस्तक मिटून सोडवायच्या चाचण्यांना द्यावेत. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला आणि दुसऱ्याने एकदा अभ्यासून तीन वेळा आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला उताऱ्यातील सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के भाग आठवत होता. आपले विद्यार्थी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून अभ्यास झाला असे समजतात, म्हणून ही गोष्ट त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावी आणि प्रत्येक चाचणीत मागच्या घटकावरचे दोन-तीन प्रश्न ठेवावेत. चाचणी दोनदा देता यावी आणि त्यांतील जास्त गुण धरावेत.

बिल्ले आणि गुणतक्ते यांनी पहिले काही दिवस हालचाल दिसते. परंतु जो तळाशी आहे त्याला तक्ता रोज तेच सांगत राहतो, आणि आपल्याला वाचवायचा आहे तो तोच विद्यार्थी. कॅमेऱ्याच्या सक्तीविरुद्ध मी वास्कोच्या विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. कॉर्नेल विद्यापीठातील कास्टेली आणि सार्व्हारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॅमेरा न लावण्याचे सर्वाधिक सांगितलेले कारण आपण कसे दिसतो याची काळजी हे होते, आणि मागे दिसणारी माणसे व घर यांचाही संकोच विद्यार्थ्यांनी सांगितला होता. शिक्षकांनी सक्ती करू नये, असेच त्यांचेही म्हणणे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: भूगोलाची शिक्षिका, फोंडा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. चतुर्थीसाठीचा स्वाध्याय मी या सत्रापासूनच घेणार आहे, आणि मुदतींचे वेळापत्रक व दोन सवलती पहिल्या दिवशी जाहीर करीन. मडगावच्या सरांनी सुचवलेल्या छोट्या चाचण्या आयएसएमध्ये कशा बसवता येतील हे विभागप्रमुखांशी बोलून ठरवीन.

दोन अडचणी मात्र उरतात. वर्गात साठाहून अधिक विद्यार्थी आहेत आणि शिकवणारी मी एकटी. प्रत्येकाला दोन दिवसांत उत्तर द्यायचे म्हटले तर इतर वर्गांचे काम कसे सांभाळावे? दुसरी अडचण भाषेची. वास्कोच्या विद्यार्थ्याचे म्हणणे मला पूर्ण पटले, परंतु सत्रान्त परीक्षा इंग्रजीतून असते. चर्चा मराठी-कोंकणीतून होऊ दिली तर परीक्षेच्या वेळी त्यांचेच नुकसान होईल का?

उत्तर: दूरशिक्षणातील निवृत्त समुपदेशक, म्हापसा

मडगावच्या सरांच्या आकड्यांबद्दल आधी एक वाक्य लिहितो. पैसे भरून आलेले लोक मुळातच पूर्ण करण्याच्या निश्चयाने आलेले असतात, त्यामुळे ४६ टक्क्यांचे सारे श्रेय काहीतरी पणाला लागलेले असण्याला देता येणार नाही. बाकी चाचण्यांविषयी त्यांनी लिहिले आहे ते मला मान्य आहे.

साठ विद्यार्थ्यांना सत्रभर दर आठवड्याला वैयक्तिक उत्तर देणे कोणालाही शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पहिले दोन आठवडे मात्र सर्वांना उत्तर गेलेच पाहिजे. तेवढ्यासाठी त्या दोन आठवड्यांतील थेट तास रद्द करावेत. ज्या तासाला कोणी बोलत नाही तो तास विद्यार्थ्यांची लेखी उत्तरे वाचण्यात अधिक सार्थकी लागेल. तिसऱ्या आठवड्यापासून आठ-आठ जणांचे गट करावेत, आणि ते शक्यतो तालुका किंवा पाण्याचा प्रकार पाहून करावेत, म्हणजे खाजनाकाठचे एकत्र, खाणपट्ट्यातले एकत्र. साठांसमोर लिहायला जो कचरतो तो आठांसमोर लिहितो. दर आठवड्याला दोन-तीन गटांतील प्रत्येकाला वैयक्तिक उत्तर द्यावे, बाकीच्यांच्या नोंदी वाचून सर्वांसाठी आठवड्याचा एक आढावा काढावा आणि त्यात नावे घेऊन सांगावे की डिचोलीच्या अमक्याने विहिरीच्या पाण्याबद्दल जे टिपले आहे त्याचा संबंध पुढच्या घटकाशी असा आहे. आपले निरीक्षण शिकवण्याचा भाग झाले हे विद्यार्थ्याला दिसणे, हे वैयक्तिक उत्तराच्या खालोखाल परिणामकारक असते. लिहिण्याऐवजी बोलून उत्तर दिले तर आपलाही वेळ वाचतो.

भाषेबद्दल माझे मत ठाम आहे. विचार करण्याच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला हवी ती भाषा वापरू द्यावी, हवे तर आवाजी निरोपातून कोंकणीत सांगू द्यावे. गटात बोलून झाले की त्याच मजकुराचा इंग्रजी परिच्छेद करून गुणांसाठी द्यायला सांगावे, आणि पहिल्या एक-दोन वेळा तो परिच्छेद कसा बांधायचा हे आपण स्वतः करून दाखवावे. परीक्षेत नुकसान होते ते आशयच पक्का नसल्यामुळे. भरतीचे पाणी मानशीतून आत का येत नाही हे ज्याने आपल्या भाषेत एकदा नीट सांगितले आहे, त्याला इंग्रजी वाक्ये शिकवणे तुलनेने सोपे आहे. पारिभाषिक शब्दांची दोन्ही भाषांतील यादी प्रत्येक घटकासोबत दिली की पुरे.

हे सारे काम वेळापत्रकात कुठेही दिसत नाही, आणि म्हणून ते शिक्षकाच्या रात्री आणि रविवार खाते. उत्तरे देण्याचा आणि आढावा काढण्याचा वेळ अध्यापनाच्या तासांत धरला जावा, अशी लेखी विनंती सत्र सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांकडे करा, आणि तिला रद्द केलेल्या थेट तासांचा हिशोब जोडा. मसुदा हवा असल्यास इथे कळवावे. आम्ही समुपदेशकांच्या कामासाठी वापरत असलेला नमुना मी टंकून देईन.